घसा दुखण्यावरून हृदयाचा आजार, वस्तीत लोकांना सांगायचं कसं?

दिघोरीवाला:
आमच्या गणपती मंडळाने यंदा डीजे कापून वस्तीत आरोग्याचा कार्यक्रम ठेवला आहे. बाजूच्या पोरीच्या हृदयाच्या व्हॉल्व्हचं, म्हणजे झडपेचं, ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणे लहानपणी घसा सुजून संधिवाताचा ताप आला असेल त्यातलं हे. आता पोट्ट्यांचा घसा तर बारा महिने दुखून राहते, हळद-मिठाच्या गुळण्या केल्या की विषय संपला. घाबरवायचं नाही, पण नेमकं सांगू काय?

नर्सताई:
भाऊ, पहिले हे सांगा की सगळे घसे सारखे नसतात. नाक गळते, खोकला आहे, आवाज बसला, तर बहुतेक व्हायरल. पण 5 ते 15 वर्षांचं लेकरू, एकदम ताप, गिळवत नाही, गळ्यातल्या गाठी दुखतात, टॉन्सिलवर पांढरं अन खोकला मात्र नाही, तर स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असू शकते, दवाखान्यात न्याच. 9 दिवसांच्या आत बरोबर अँटिबायोटिक सुरू झालं तरी संधिवाताचा ताप बहुतेक टळते. गुळण्या करा ना, आराम पडते, जंतू मरत नाही.

फार्मसीवाला:
अन 10 दिवसांचा कोर्स म्हणजे 10 दिवस! तिसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं की औषध बंद, उरलेलं पुढच्या वेळेसाठी फ्रीजमध्ये. काउंटरवर तर "घशाच्या दोन गोळ्या द्या" म्हणणारे रोजचेच.

काऊन_बे:
मग सगळ्यांनाच अँटिबायोटिक देऊन टाका ना, झंझटच नको

फार्मसीवाला:
नाही रे बावा, व्हायरलवर ते चालतच नाही, वरून जुलाब अन रिअॅक्शनचा त्रास.

मोठीताई:
माझ्या बहिणीला आहे हे म्हणून लिहिते. घसा बरा झाल्यावर 2-3 आठवड्यांनी सांधे सुजले, आज गुडघा उद्या घोटा, घरचे म्हणाले वाढीचं दुखणं आहे. काही पोरांचे हातपाय आपोआप हलतात अन शाळेत चाळे करते म्हणून मार खातात, हे पालकांना जरूर सांगा. आता तिला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असते, कमरेत असं दुखते की नको म्हणते, पण सोडलं अन परत तसाच घसा झाला तर झडप आणखी खराब होते. आणि लग्नासाठी पोरींचा आजार लपवतात ना, ते तर फारच वाईट, गरोदरपणात हृदयावर लोड येते अन तेव्हा धाप लागून उघड पडते.

नर्सताई:
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत तपासायला येते, त्यांच्या यादीत हा आजार आहे. त्या दिवशी पोरांना घरी ठेवू नका म्हणा.

दिघोरीवाला:
ताई, तुम्हीच या ना बोलायला, आरती झाल्यावर. माईक आमचा, चहा आमचा.