चौदा गाणी, चौदा घरं: जेडचा पहिला सोलो अल्बम तुम्हाला एकाच बाईचा वाटतो का?

फर्मागुडीवाला

लिटिल मिक्स ऐकत वाढलेले इथे बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २०११ साली ब्रिटनच्या 'एक्स फॅक्टर'मध्ये चार मुलींना एकत्र आणून बनवलेला गट, ती स्पर्धा जिंकणारा पहिलाच गट. सहा अल्बम काढले. २०२० संपता संपता जेसी बाहेर पडली, आणि मे २०२२ मध्ये टूर आटोपून उरलेल्या तिघी आपापल्या वाटेला लागल्या. त्यातल्या जेड थर्लवॉलचा 'दॅट्स शोबिझ बेबी' १२ सप्टेंबर २०२५ ला आला. ऐन पितृपक्षात. आमच्या आईच्या मते तिथेच चुकलं.

मी तो फोंडा-पणजी बसमध्ये ऐकला, क्रम अजिबात न बदलता. फर्मागुडीच्या चढावर पहिलं गाणं, 'एंजल ऑफ माय ड्रीम्स'. सुरुवातीला १९६७ ची युरोव्हिजन जिंकलेल्या 'पपेट ऑन अ स्ट्रिंग'चा तुकडा, त्यावर हळवी बॅलड, आणि मग ड्रायव्हरने गुरं बघून ब्रेक मारावा तसा सगळा ताल बदलतो आणि इलेक्ट्रॉनिक धडधड सुरू. मार्दोळला 'इट गर्ल', म्हणजे अंधाऱ्या क्लबातला धिंगाणा. मंगेशी मागे पडली तेव्हा 'प्लास्टिक बॉक्स', डोळे पुसत नाचायचं सिंथपॉप. बाणस्तारीच्या पुलावर 'फँटसी', सरळ सत्तरच्या दशकातला डिस्को. जुनं गोवें ओलांडलं तर पुन्हा बॅलड. आणि रायबंदरच्या कॉजवेवर सुप्रीम्स या जुन्या अमेरिकी गटाच्या १९६५ च्या गाण्याची ओळ कानावर.

पणजीला उतरताना कुणी विचारलं असतं, कोण गात होती रे, तर मी म्हटलं असतं, बऱ्याच जणी.

गाणी वाईट नाहीत. पण हा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार झाला. मयड्याची केळी, मातीची भांडी, चड्ड्या, सुकी मासळी, सगळं एका फेरीत. फिरायला मजा येते. घरी येऊन पिशवी उघडली की आई विचारते, आणलंस काय? मला सांगता येत नाहीये.

पालयेंची पोर

फर्मागुडीवाला, तुम्ही बसमध्ये ऐकला हीच अडचण आहे. त्या रस्त्यावर ब्रेक कोणाचा आणि ताल कुणाचा हे कसं कळणार?

ज्या गाण्याला तुम्ही ब्रेक म्हणता त्यातच सगळं आहे. जेड २००८ आणि २०१० मध्ये त्याच स्पर्धेत एकटी गेली होती. दोन्हीदा घरी पाठवली. २०११ मध्ये गटात टाकली तेव्हा जिंकली. म्हणजे एकटीचं गाणं म्हणून जी गोष्ट तिला मिळाली नाही, ती तिला चौघींत वाटून मिळाली. आता इतक्या वर्षांनी पहिलं एकटीचं गाणं काढताना ती दोरीवरच्या बाहुलीचं गाणं उचलते, हा योगायोग आहे? शब्दांमध्ये 'सायको' येतो तो ती स्पर्धा काढणाऱ्या सायमन कॉवेलच्या सायको या रेकॉर्ड कंपनीला काढलेला चिमटा आहे. हळवा भाग म्हणजे तिचं स्वप्न, धडधड म्हणजे तो धंदा. दोन्हीवर तिचं प्रेम आहे आणि दोन्हीचा तिला राग आहे. हे एकाच चालीत म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं.

आणि बाजार म्हणालात म्हणून सांगते, अकरा वर्षं जिला प्रत्येक गाण्याचा चतकोर मिळाला, तिने पहिल्यांदा स्वतःचं दुकान मांडल्यावर सगळा माल बाहेर काढायचा नाही तर काय करायचं?

नव्वदीतला

आमच्या वेळी हे झालंय. स्पाइस गर्ल्समधली मेलानी सी, १९९९, 'नॉर्दर्न स्टार'. एक गाणं रॉक, एक आर अँड बी, आणि एकाचं रिमिक्स हणजुणेच्या किनाऱ्यावर वाजलं तरी कुणी वळून बघू नये असं. मी अजून ऐकतो. बाकी चालू द्या.

पेटीवाली

मी जत्रेतल्या संगीत नाटकांना पेटीवर साथ करते. डिचोली, सत्तरी, कधी पेडण्यापर्यंत. हा अल्बम भाचीने ऐकवला. इंग्रजी गाण्यांतलं मला फार कळतं असं नाही, पण एक गोष्ट सांगते.

जुन्या नाटकाचं पुस्तक उघडून बघा. पदाच्या डोक्यावर छापलेलं असतं, 'चाल:' आणि पुढे दुसऱ्याच कुठल्या पदाची नाहीतर चीजेची ओळ. किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० चं. तेव्हापासून साकी आहे, दिंडी आहे, कर्नाटकी चाली आहेत, पुढे ठुमऱ्या आल्या, गझला आल्या. एका रात्रीत एवढं सगळं ऐकून लोक पहाटे घरी जातात आणि म्हणतात, नाटक बरं झालं. कुणी म्हणत नाही की हे एकाचं वाटलं नाही. ती मुलगी सुप्रीम्सची ओळ घेते म्हणजे काय करते? चाल घेते. फरक एवढाच की तिकडे मूळवाल्याचं नाव लिहावं लागतं आणि पैसेही द्यावे लागतात. आपल्याकडे ज्यांच्या चीजा उचलल्या त्यांना काय मिळालं ते विचारू नका.

फर्मागुडीवाला

काकी, तुमच्या पेटीला नमस्कार. पण नाटकात पद कुणाच्या तोंडी आहे हे ठरलेलं असतं. राजाचं पद वेगळं, विदूषकाचं वेगळं, म्हणून चाली बदलल्या तरी खटकत नाही. इथे राजाही तीच, शकुंतलाही तीच, दुर्वासही तीच.

पालयेंची पोर

मग अल्बमचं नाव काय आहे? शोबिझ. पात्र एकच आहे, स्टेजवर उभी असलेली बाई. तिला दर अंकात कपडे बदलावे लागतात, तेच तर दाखवतेय. दुर्वास म्हणाल तर तिसरं गाणं. त्याच्या नावातल्या चार अक्षरांचा अर्थ मी इथे लिहिला तर धागा उडेल.

लग्नाचा कीबोर्ड

मडगावच्या बाजूला लग्नांत वाजवतो, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो. कुणाला राग आला तर येऊ दे.

आधी कारण. 'एंजल' आलं जुलै २०२४ ला. अल्बम आला सप्टेंबर २०२५ ला. मध्ये चौदा महिने. त्या काळात 'फँटसी', 'इट गर्ल', 'प्लास्टिक बॉक्स' असं एकेक सोडत गेले. मार्च २०२५ मध्ये ब्रिट पुरस्कारांत पॉपचं बक्षीसही घेऊन झालं, अल्बम यायच्या आधीच! आता तुम्हीच विचार करा. प्रत्येक गाणं एकटं बाहेर पडणार, फोनवर दुसऱ्या शंभर गाण्यांशी टक्कर देणार, म्हणून प्रत्येकाला लग्नाला निघाल्यासारखं नटवलं. मग सगळ्यांना एका फोटोत उभं केलं की साड्या भांडतात. फर्मागुडीवाल्यांना बसमध्ये तेच दिसलं. ते चुकीचं बघत नाहीयेत.

आता दुसरी गोष्ट. आम्ही एका संध्याकाळी वॉल्ट्झ वाजवतो, जाइव्ह, चा-चा-चा, मग कोंकणी, मग हिंदी, आणि वयस्कर माणसं टिकली तर शेवटी मांडो. सगळं येतं. पण बँडचं नाव सकाळी नवरा-नवरीलासुद्धा आठवत नाही. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट हे आपले गोंयकार मुंबईच्या स्टुडिओत जाऊन काय काय वाजवत होते, रचत होते. जॅझही तेच, व्हायोलिनांचा ताफाही तेच. पडद्यावर नाव बहुतेक वेळा साहाय्यक म्हणून. ज्याला सगळं येतं त्याला लोक वापरतात, ओळखत नाहीत. ही भीती जेडच्या बाबतीत मला खरी वाटते.

मंगेशीचा शेजार

थांबा थांबा. हा माणूस मंगेशीवरून जातो, खिडकीतून मंगेशी बघतो, आणि तक्रार करतो की गायिका घरं फार बदलते?

१९२९ साली त्याच मंगेशीत जितेंद्र अभिषेकी जन्मले. आग्र्याची तालीम जगन्नाथबुवा पुरोहितांकडे, जयपूरची गुलुभाई जसदनवालांकडे, शिवाय अझमत हुसेन खाँ. जिथे घराणं म्हणजे जातीसारखं सांभाळायचे तिथे हा माणूस दारोदार जाऊन शिकला. रेडिओवर नोकरी केली, भावगीतं बांधली, अभंग गायले, नाटकं केली. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'त दोन घराण्यांचं वैर दाखवायचं होतं, ते दोन्ही बाजूंचं गाणं एकट्या अभिषेकीबुवांनी बांधलं. त्यांना आपण बाजार म्हणतो का? आपण त्यांच्या नावाने महोत्सव करतो आणि पहिल्या रांगेचे पास मागतो.

फर्मागुडीवाला

हा मुद्दा लागला मला. पण तुम्ही अर्धाच सांगितलात.

बुवांनी दारोदार शिकण्यात वर्षं घातली आणि मग बांधलं. आणि त्यांनी कुठलीही चाल बांधली तरी दोन ओळींत कळतं की ही अभिषेकींची. तो श्वास, ती मध्येच अनपेक्षित सुरावर नेऊन ठेवायची सवय. घरं बदलली तरी चालायची ढब तीच. माझं म्हणणं तेवढंच आहे. जेडची ढब कुठली? गटात होती तेव्हा चार आवाजांत तिचा आवाज मी ओळखत होतो, कारण बाकी तीन वेगळे होते. इथे ती स्वतःवर स्वतःचेच आवाज रचते, आणि मला ती सापडत नाही.

पालयेंची पोर

ढब आहे. ती गोड ओळ म्हणताना शेवटी दात दाखवते. 'प्लास्टिक बॉक्स' नीट ऐका. प्रियकराच्या आधीच्या प्रेमांवर जळतेय, तिला त्याचं हृदय कोरं हवंय, कुणी हात न लावलेलं, डब्यात बंद. स्वतःलाच कळतंय की हा वेडेपणा आहे, आणि तरी किती गोड सुरात मागते! 'इट गर्ल'मध्ये तोच हट्ट, फक्त ओरडून. ताल बदलला म्हणून माणूस बदलला असं तुमचं झालंय.

पेटीवाली

सातव्या गाण्याबद्दल कुणी बोललंच नाही. 'अनकंडिशनल'. भाचीने सांगितलं, ते आईवर आहे. तिच्या आईला ल्युपस आहे, वर्षानुवर्षं. मला वाटलं होतं अशा गाण्याला संथ पेटी असेल, डोळ्यांत पाणी वगैरे. तर हे धावतंय! पाय थांबत नाहीत. मी भाचीला म्हटलं, परत लाव.

आमच्या आईचं दुखणं सात वर्षं चाललं. त्या सात वर्षांत मी एकही रात्रीचं नाटक सोडलं नाही. आईच पाठवायची, जा म्हणायची, तुझी सुपारी घेतलेली आहे. मी तिथे बसून नाचाच्या पदांना पेटी वाजवायची आणि मध्येच फोन बघायची. म्हणून त्या तालाबद्दल मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. बाकी गाण्यांबद्दल तुम्ही भांडा.

काणकोणकार

एक मोसम मी पाळोळेला हेडफोन पार्टीत काम केलंय. बाहेरच्यांसाठी सांगतो: उघड्यावर रात्री दहानंतर मोठ्याने वाजवायला बंदी, म्हणून सगळ्यांच्या कानाला हेडफोन. डीजे दोन-तीन, प्रत्येकाचं चॅनेल वेगळं, आणि हेडफोनला त्या चॅनेलच्या रंगाचा दिवा. लाल म्हणजे हाउस, हिरवा म्हणजे जुनी हिट गाणी, असं काहीतरी. एकाच जमिनीवर तीन गाण्यांवर माणसं नाचतात. कंटाळा आला की बटण दाबायचं, रंग बदलायचा. मी हेडफोन गोळा करायला फिरायचो, माझ्या कानाला काहीच नसायचं. ऐकू काय यायचं? पायांचा खसखस आवाज, समुद्र, आणि दोनशे माणसांचं बेसूर गुणगुणणं.

हे आठवलं कारण अल्बमचं चौदावं गाणं 'सायलेंट डिस्को'. नाव ऐकून मी धडधडीची वाट बघत होतो. तर ते मवाळ आहे, दोन माणसांपुरतं. तेरा गाणी रंग बदलून झाल्यावर. मला अल्बम आवडला की नाही ते अजून ठरत नाही, पण त्या जागी ते गाणं ज्याने ठेवलं त्याने कधीतरी रिकाम्या कानांनी असली पार्टी बघितलेली असणार.

लग्नाचा कीबोर्ड

काणकोणकार, दोनशे माणसांचं बेसूर म्हणजे आमच्या लग्नातले अकरानंतरचे पाहुणे.

फर्मागुडीवाला

काकी, आईचं मला माहीत नव्हतं. ते गाणं लागलं तेव्हा मी खिडकीतून बाणस्तारीची मासळी बघत होतो. खरं सांगायचं तर ते मला 'फँटसी'चाच पुढचा भाग वाटलं होतं.

ढबेबद्दल माझं मत आहे तेच आहे. पालयेंच्या पोरीने सांगितलेले दात मी शोधेन, सापडले तर इथे येऊन लिहीन. अभिषेकींशी तुलना मात्र मागे घ्या. उद्या परत बस आहे. सातव्यापासून सुरू करतो.

पालयेंची पोर

क्रम अजिबात न बदलता म्हणाला होतात ना?