‘शासन’, ‘अंमल’, ‘अधिकार’: राज्यकारभाराच्या एकेका शब्दाला इतके अर्थ कसे?

मुद्रितशोधक

नमस्कार. मी मुद्रितशोधनाचे काम करतो. गेल्या आठवड्यात एका लेखाची मुद्रिते तपासताना पुढील वाक्य समोर आले: ‘दोषींना कठोर शासन करण्याचे आश्वासन शासनाने दिले आहे.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काहीही चूक नाही, तरी मी तिथेच अडलो. पहिल्या ‘शासन’चा अर्थ शिक्षा, दुसऱ्याचा अर्थ राज्यकारभार पाहणारी यंत्रणा, आणि दोहोंमध्ये जेमतेम दोन शब्दांचे अंतर. पहिल्या ठिकाणी ‘शिक्षा’ असा बदल सुचवून मी पुढे गेलो. पण तेव्हापासून सत्तेशी संबंधित प्रत्येक शब्दाकडे माझे लक्ष जाऊ लागले आहे.

‘अंमल’ हा शब्द घ्या. इंग्रजांचा अंमल, दारूचा अंमल, कायद्याची अंमलबजावणी, पोलीस ठाण्यातील अंमलदार आणि अंमली पदार्थ, इतक्या ठिकाणी तो सहज वावरतो. ‘अधिकार’ म्हणजे हुकमत, अधिकार म्हणजे हक्क, आणि ‘या विषयावर बोलण्याचा त्यांचा अधिकार आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ योग्यता. माझे दोन प्रश्न आहेत. हे अर्थ एकाच मूळ अर्थातून फुटलेले आहेत की निरनिराळे शब्द योगायोगाने एकसारखे झाले आहेत? आणि ‘सरकार’ व ‘शासन’ यांच्यात संपादन करताना पाळावा असा काही भेद आहे का, की ते समानार्थी मानावेत?

कोशप्रेमी

आपण अडलात ते योग्य ठिकाणी अडलात, असे मला मनापासून वाटते. ‘शासन’ हा एकच शब्द आहे आणि त्याचे दोन्ही अर्थ मुळातच त्याच्या पोटात आहेत. संस्कृतातील ‘शास्’ या धातूचा अर्थ शिकवणे, आज्ञा करणे, ताब्यात ठेवणे आणि शिक्षा करणे असा चौपदरी आहे. त्याच धातूपासून ‘शास्त्र’ आणि ‘शिष्य’ हे शब्द झाले. शिष्य म्हणजे ज्याला शिकवायचे तो, आणि शास्त्र म्हणजे ज्याच्या आधारे शिकवायचे ते. पतंजलींच्या योगसूत्रांचा आरंभ ‘अथ योगानुशासनम्’ असा होतो, तिथे ‘अनुशासन’ म्हणजे परंपरेने चालत आलेला उपदेश. राजाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून दिलेल्या दानाच्या आज्ञेलाही ‘शासन’ म्हणत, म्हणून ‘ताम्रशासन’ हा शब्द इतिहासाच्या अभ्यासकांच्या तोंडी आजही असतो. गुरू, राजा आणि शिक्षा देणारा हे तिघे या धातूत एकत्र नांदतात, आणि आपल्या त्या वाक्यात त्यांपैकी दोघे समोरासमोर आले इतकेच.

‘दंड’ या शब्दाची वाटचाल याहून अधिक बोलकी आहे. मूळ अर्थ काठी. काठी हातात असणाऱ्याची ताकद म्हणजे दंड, त्या ताकदीने दिलेली शिक्षा म्हणजे दंड, आणि पुढे शिक्षेचा पैशातील प्रकार तेवढा दंड उरला. कौटिल्याने ज्या चार विद्या सांगितल्या त्यांत राज्यशास्त्राचे नाव ‘दंडनीती’ असे आहे. इकडे मराठीत खांद्यापासून कोपरापर्यंतच्या भागालाही दंड म्हणतात, आणि ‘दंड थोपटणे’ या वाक्प्रचारात काठी नाही, शिक्षा नाही, फक्त आव्हान आहे. ‘भारतीय दंड संहिता’ १८६० सालची. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून ‘भारतीय न्याय संहिता’ लागू झाली, म्हणजे नावातून ‘दंड’ गेला आणि ‘न्याय’ आला. ‘दंडाधिकारी’ मात्र आजही दंडाधिकारीच आहेत.

आता ‘अधिकार’. या शब्दाबद्दल मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्याचा आजचा सरकारी अर्थ इतका ठसला आहे की मूळचा विस्तार नजरेआड झाला आहे. पाणिनीच्या व्याकरणात ‘अधिकारसूत्र’ नावाचा प्रकार आहे. असे सूत्र स्वतः फारसे काही सांगत नाही. ते पुढच्या सूत्रांच्या डोक्यावर उभे राहते आणि ठरावीक मर्यादेपर्यंत प्रत्येक सूत्रात मनाने धरून वाचायचे असते. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी ‘प्रत्ययः’ असे एका शब्दाचे सूत्र आहे, आणि त्याचा अधिकार थेट पाचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत चालतो. म्हणजे तीन अध्यायांत जे जे विधान होईल ते प्रत्ययाविषयी आहे, असे या एका शब्दाने ठरवून दिले. मीमांसेत अधिकार म्हणजे यज्ञकर्म करण्याची आणि त्याचे फळ मिळवण्याची पात्रता. वेदान्तात ‘अधिकारी’ म्हणजे ते ज्ञान ग्रहण करण्यास योग्य झालेला साधक. त्याचा कचेरीशी काडीचाही संबंध नाही. ‘त्यांचा या विषयात मोठा अधिकार आहे’ असे आपण एखाद्या अभ्यासकाबद्दल म्हणतो, तेव्हा आपण हा जुना अर्थच वापरत असतो. त्यामुळे हे निरनिराळे शब्द नव्हेत, एकाच शब्दाच्या फांद्या आहेत.

दफ्तरवाचक

वरील विवेचन उत्तम आहे. मी फारसी-अरबी बाजू पाहतो, कारण मराठीतील राज्यकारभाराची निम्मी भाषा तिकडून आली आहे.

‘अंमल’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ कृती किंवा काम. जो काम पाहतो तो अंमलदार, ठरलेले काम प्रत्यक्षात आणणे म्हणजे अंमलबजावणी, आणि एखाद्या प्रदेशात ज्याचे काम चालते त्याचा तिथे अंमल. नशेचा अर्थही याच वाटेने आला आहे. पोटात गेलेल्या पदार्थाने आपले काम सुरू केले म्हणजे त्याचा अंमल चढला. म्हणून ‘इंग्रजी अंमल’ आणि ‘दारूचा अंमल’ यांतील शब्द एकच आहे, आणि दोन्ही ठिकाणी माणूस दुसऱ्याच्या प्रभावाखाली असतो हे लक्षात घेतले की तो विचित्रही वाटत नाही.

‘हुकूम’, ‘हाकिम’, ‘हकीम’ आणि ‘हिकमत’ हे चारही शब्द एकाच अरबी धातूचे आहेत. त्या धातूत निवाडा आणि शहाणपण असे दोन्ही अर्थ आहेत. निवाडा करणारा तो हाकिम, शहाणा म्हणून वैद्य तो हकीम. मराठीत हिकमत युक्तीपुरती उरली आणि हिकमती माणूस म्हणजे खटपटी, युक्तिबाज माणूस झाला. पत्त्यांच्या खेळात तर हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या राजाला मारते. तिथे सत्ता चित्रात नसते, ठरवून दिलेल्या रंगात असते.

‘सरकार’ म्हणजे ‘सर’ (डोके, प्रमुख) आणि ‘कार’ (काम) यांचा समास, म्हणजे कामाचा प्रमुख. मुघल व्यवस्थेत सुभा आणि परगणा यांच्यामधल्या प्रादेशिक विभागालाही सरकार म्हणत. पुढे संस्थानिकांना आणि थोरामोठ्यांना ‘सरकार’ अशी हाक मारली जाई, म्हणजे माणूस, मुलूख आणि यंत्रणा असे तीन अर्थ झाले. याच ‘सर’चे आपले सरदार, सरचिटणीस, सरपंच. सरपंचात डोके फारसी आणि धड संस्कृत आहे, आणि कोणाला त्यात काही खटकत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: भेद पाळावा. ‘सरकार पडले’ असे आपण म्हणतो, ‘शासन पडले’ असे कोणी म्हणत नाही. ‘सरकार स्थापन करणे’, ‘सरकारवर अविश्वास’, ‘अल्पमतातील सरकार’ या सर्व ठिकाणी निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचा बोध होतो. उलट ‘शासन निर्णय’, ‘शासन परिपत्रक’, ‘शासकीय सेवा’ यांत मंत्रिमंडळे आली-गेली तरी चालू राहणारी यंत्रणा अभिप्रेत असते. हा भेद काटेकोर नाही, कारण ‘भारत सरकार’ आणि ‘महाराष्ट्र शासन’ या दोन अधिकृत नावांतच तो पुसला गेला आहे आणि ‘सरकारी नोकरी’ हा शब्द बोलण्यातून जाणार नाही. तरीही लेखात दोन्ही शब्द जवळजवळ आले असतील तर संपादकाने तो जरूर राखावा.

आकाशवेल

चर्चा वाचून आनंद झाला. ‘राजा’ या शब्दाचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, म्हणून थोडी भर घालते. राजकुल या शब्दाचे राऊळ झाले आणि त्याचा अर्थ राजवाड्यावरून देवळावर गेला. राजपुत्राचा राऊत झाला आणि तो घोडेस्वार ठरला. राजन् या शब्दाचे राय आणि राव झाले; पूर्वी आदराने नावापुढे लागणारा हा राव आता ‘काय राव!’ या हाकेत कोणालाही लावता येतो. लहान मुलाला जेवू घालताना आई ‘राजा, एवढा एकच घास’ म्हणते, तिथे तर सत्तेचा मागमूसही नाही, नुसती माया आहे. ‘राजीनामा’ हाही राजाने पद सोडताना लिहून द्यायचा कागद असावा, असे मी लहानपणी ऐकले होते.

कोशप्रेमी

राऊळ आणि राऊत ही उदाहरणे फार सुंदर आहेत. राजीनाम्याबाबत मात्र दुरुस्ती करणे आवश्यक आहे. त्यातील ‘राजी’चा राजाशी काही संबंध नाही. अरबीतून आलेला ‘राजी’ म्हणजे संमत, खूश. ‘राजीखुशीने’ या शब्दात तो आपण रोज वापरतो. राजीनामा म्हणजे मुळात संमतीचा लेख. हिंदीत आजही दोन पक्षांतील तडजोडीच्या कागदाला राजीनामा म्हणतात आणि पद सोडण्याला इस्तीफा. मराठीत आणि गुजरातीत मात्र स्वतःच्या संमतीने पद सोडल्याचा लेख एवढाच अर्थ रूढ झाला. म्हणून ‘राजीनामा घेतला’ ही वाक्यरचना शब्दाच्या मूळ अर्थाशी विसंगत असली तरी मराठीत चूक नाही. मूळ अर्थ जाणून घ्यावा, पण तो आजच्या वापरावर लादू नये.

‘राजा’ची व्युत्पत्ती प्रजेचे रंजन करणारा अशी सांगितली जाते आणि कालिदासाने रघुवंशात रघूचे वर्णन करताना तीच योजली आहे. व्याकरणदृष्ट्या धातू ‘राज्’ आहे, ‘रञ्ज्’ नव्हे. ती व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही; राजाकडून असलेली अपेक्षा म्हणून तिचे मोल मोठे आहे.

नदीकाठ

मला या सर्व चर्चेत एक गोष्ट विशेष जाणवते. अधिकाराच्या अनेक शब्दांचे मूळ अधिकारात नाही, सहवासात आहे. ‘साहेब’ हा अरबी शब्द; त्याचा पहिला अर्थ सोबती. ‘सोबत’ हा आपला घरगुती शब्दही त्याच धातूपासून, ‘सोहबत’वरून आला. म्हणजे ज्याच्या दालनाबाहेर लोक ताटकळत बसतात तो साहेब आणि अंधारात बरोबर कोणी असावे म्हणून मागितलेली सोबत ही सख्खी भावंडे आहेत. संस्कृतात ‘सचिव’ म्हणजेही मुळात बरोबर असणारा, सहचर. ‘अमात्य’ शब्दातील ‘अमा’ म्हणजे घरी, एकत्र. अमात्य म्हणजे एकाच घरात राहणारा. ‘हुजूर’ म्हणजे उपस्थिती, आणि शाळेतील ‘हजेरी’ त्याच धातूची. दोन अगदी वेगळ्या भाषाकुलांत राजाजवळ असण्यालाच अधिकार म्हटले गेले.

दुसरी जोडी याहून विलक्षण आहे. ‘सत्ता’ म्हणजे असणेपण; ‘सत्’पासून ‘सत्य’ झाले तशीच ‘सत्ता’. तत्त्वज्ञानात ब्रह्माची सत्ता म्हणजे त्याचे अस्तित्व, त्याची हुकमत नव्हे. ‘हक्क’ या अरबी शब्दाचाही मूळ अर्थ सत्य. ‘हकिकत’ आणि ‘नाहक’ त्याच्याच घरचे. मराठीत आपण मूलभूत हक्क म्हणतो आणि माहितीचा अधिकारही म्हणतो. पहिल्या शब्दाच्या तळाशी सत्य आहे, दुसऱ्याच्या तळाशी पात्रता.

मुद्रितशोधक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘राजीनामा’ मीही राजाशीच जोडत होतो. एक उपप्रश्न विचारतो. एका लेखकाने ‘लोकशाही’ हा शब्द सर्वत्र बदलून ‘लोकतंत्र’ करावा असा आग्रह धरला आहे. ‘शाही’ म्हणजे राजेशाही, तेव्हा लोकांच्या राज्याला तो प्रत्यय लावणे विसंगत आहे, असे त्यांचे म्हणणे. हे मान्य करावे का?

दफ्तरवाचक

मान्य करू नये, असे मी ठामपणे म्हणेन. ‘शाह’ म्हणजे राजा हे खरे, आणि बुद्धिबळातील ‘शह’ही तोच शब्द आहे. पण मराठीत हा प्रत्यय कसा रुजला ते पाहा. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, बरीदशाही, इमादशाही ही दख्खनमधील पाच राज्ये आपल्या भूमीवर आणि तिच्या सीमेवर कमीअधिक काळ नांदली. त्यांच्या नावांतील ‘शाह’ हा त्या सुलतानांच्या पदवीचा भाग होता. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र ‘अमुकशाही’ म्हणजे अमुक प्रकारचा कारभार असा साचा तयार झाला. १७३९ साली दिल्लीत कत्तल घडवणाऱ्या नादिरशाहावरून ‘नादिरशाही’ आली, तेव्हा तिच्यात राज्याचा नव्हे, जुलमाचा अर्थ होता. मग बेबंदशाही, झुंडशाही, नोकरशाही, भांडवलशाही, घराणेशाही हे शब्द त्याच साच्यातून निघाले. भांडवलशाहीत कोणी शहा नाही आणि बेबंदशाहीत तर कोणाचाच हुकूम चालत नाही. प्रत्ययातून राजा केव्हाच उठून गेला आहे. उरली आहे ती कारभाराची रीत.

शब्द जाणीवपूर्वक बदलण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, हे मी नाकारत नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांची फारसी वळणाची पदनामे संस्कृत झाली: मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. पेशव्यांनाही मुख्य प्रधान म्हटले गेले. तरी लोकांच्या तोंडी ‘पेशवा’च राहिला, आणि पुढे एका संपूर्ण कालखंडाला त्याचेच नाव पडले. ‘सचिव’ आणि ‘मंत्री’ टिकले, ‘सुमंत’ आडनावापुरता उरला. कोणता शब्द टिकेल हे वापरणाऱ्यांनी ठरवले. ‘लोकशाही’ आज शाळेच्या पुस्तकापासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत सर्वांना कळते. त्या लेखकांना ‘लोकतंत्र’ आवडत असेल तर त्यांनी स्वतःच्या लेखात तो जरूर वापरावा, परंतु अवतरणांत आणि इतरांच्या मजकुरात आपण ‘लोकशाही’ तसाच ठेवावा.