मदत हवी आहे: क्रेनियल नर्व्ह, 'त्याच बाजूला' की 'विरुद्ध बाजूला'?

जर्नल_अपूर्ण
सोमवारी व्हायवा (तोंडी परीक्षा) आहे. बाराही क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून निघणाऱ्या नसा) क्रमाने पाठ आहेत. तरी पार्ट कम्प्लीशनला (एक भाग शिकवून झाल्यावरची परीक्षा) मॅडमनी विचारलं, "डावीकडे लीजन (बिघाड), कुठली बाजू जाईल?" आणि मी नुसती उभी राहिले. पुस्तकात एका पानावर त्याच बाजूला, पुढच्या पानावर विरुद्ध. कुणीतरी एकदा नीट सांगा.

वॉर्डवाला
कुठलं वर्ष? कुठली नर्व्ह? लीजन कॉर्टेक्सला (मेंदूचा बाहेरचा थर) की ब्रेनस्टेमला (मेंदूचा खालचा देठ)? यावरच सगळं ठरतं.

जर्नल_अपूर्ण
फर्स्ट इयर. सातवी, चेहऱ्याची. कुठे ते त्या म्हणाल्या असतील, मी घाबरून ऐकलंच नाही.

रुल_ऑफ_फोर
रुल ऑफ फोर (ब्रेनस्टेममध्ये बिघाड कुठे ते ओळखायचा नियम) कर, सुटशील. १२ ला पूर्ण भाग जाणाऱ्या नर्व्हची मोटर न्यूक्लियस (स्नायू हलवणाऱ्या पेशींचा पुंजका) मध्यरेषेजवळ: ३, ४, ६, १२. पहिली-दुसरी सोड, त्या ब्रेनस्टेमच्या नाहीत.

वॉर्डवाला
ते मेडिसिनच्या पोस्टिंगला. तिला आत्ता तंतूंचा रस्ता कळायला हवा. सातवीचं न्यूक्लियस पॉन्समध्ये, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या भागात. तिथे किंवा तिथून पुढे बिघाड झाला तर त्याच बाजूचा अख्खा चेहरा जातो, कपाळासकट. त्याच्या वर, कॉर्टेक्सकडून येणाऱ्या तंतूंत झाला तर विरुद्ध बाजूचा फक्त खालचा चेहरा, कारण कपाळाला दोन्ही कॉर्टेक्सकडून पुरवठा असतो. हातापायांचे तंतू मेडुलाच्या (ब्रेनस्टेमचा सगळ्यात खालचा भाग) खालच्या टोकाला बाजू बदलतात. तुझी दोन्ही पानं बरोबर आहेत.

कोथरूडकर
माझ्या आईचं तोंड मागच्या थंडीत असंच वाकडं झालं होतं. स्कूटरवर गार वारा लागला. कानटोपी घालत जा सगळ्यांनी. महिन्याभरात बरी झाली.

वॉर्डवाला
आई बऱ्या झाल्या, छान वाटलं. पण काका, कुणाचंही तोंड वाकडं दिसलं तर वाऱ्यावर ढकलून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. स्ट्रोक असला तर एकेक मिनिट मोलाचं. बेल्स पाल्सी (सातव्या नर्व्हच्या बिघाडाने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं) असली तरी स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू करतात.

रुल_ऑफ_फोर
रस्ता कळला तरी व्हायवात आठवायला काहीतरी हवंच ना! मी त्यावरच पास झालो.

फॉर्मालिन
चौथी बघून जा. ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूने निघणारी ही एकटीच. इन्फीरियर कॉलिक्युलसच्या (ब्रेनस्टेमच्या मागचा उंचवटा) खाली, दोऱ्याएवढी बारीक. ट्रेमधल्या स्पेसिमेनला बऱ्याचदा तुटलेली असते. आम्हाला स्पॉटरला (टाचणी लावलेला भाग ओळखायची परीक्षा) टाचणी तिथेच होती. निघतानाच बाजू बदलते, म्हणून डावं न्यूक्लियस उजव्या डोळ्याचा सुपीरियर ऑब्लिक (डोळा फिरवणारा एक स्नायू) चालवतं.

जर्नल_अपूर्ण
जर्नलच्या मागच्या पानावर काढून पाहिलं. डावा कॉर्टेक्स: उजवा खालचा चेहरा, उजवे हातपाय. डावा पॉन्स: डावा अख्खा चेहरा, उजवे हातपाय. बरोबर?

वॉर्डवाला
अगदी बरोबर. आता डावी बारावी, जिभेची नर्व्ह, गेली. जीभ बाहेर काढायला सांगितली तर कुठे वळेल?

जर्नल_अपूर्ण
डावीकडे. उजवा जिनिओग्लॉसस (जीभ बाहेर ढकलणारा स्नायू) ढकलतो, डावा अडवत नाही.