शब्दचर्चा: रॉन पॉल 'अलिप्ततावादी' कसे? परदेशी युद्धांना विरोध करणारे कॉन्झर्व्हेटिव्ह आणि आपले मराठी शब्द

प्रश्न:
अमेरिकेतले रॉन पॉल, थॉमस मॅसी वगैरे खासदार मंडळी, म्हणजे पक्के रिपब्लिकन, कॉन्झर्व्हेटिव्ह, पण परदेशात जाऊन लढाया करायला कडक विरोध, यांना मराठीत कधी 'अलिप्ततावादी' म्हणतात, कधी 'एकांतवादी', कधी नुसतं 'युद्धविरोधी'. इंग्रजीत आयसोलेशनिस्ट म्हणतात त्यावरून आलं असणार. मला एका लेखाचं भाषांतर करायचंय, कुठला शब्द घेऊ?

प्रतिसाद:
कृपा करून 'अलिप्ततावादी' घेऊ नका. मराठी वाचकाच्या डोक्यात अलिप्त म्हटलं की नेहरू, नासर, टिटो, १९६१ ची बेलग्रेड परिषद, १९८३ ची दिल्लीची परिषद हेच येतं, म्हणजे दोन महासत्तांपैकी कुणाच्याच गोटात न जाणं. रॉन पॉल तर स्वतःच महासत्तेचे नागरिक, त्यांचा प्रश्न गोटाचा नाहीच, त्यांचा प्रश्न असा की आमची पोरं तिकडे कशाला पाठवताय आणि पाठवायची परवानगी दिली कुणी.

दुसरं म्हणजे आयसोलेशनिस्ट हा शब्द बहुतेक वेळा विरोधकांनी चिकटवलेला असतो, हे लोक स्वतःला नॉन-इंटरव्हेन्शनिस्ट म्हणवतात. आणि फरक खरोखर मोठा आहे. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर जेफरसनने १८०१ च्या पहिल्या भाषणात सांगितलं होतं की सगळ्या देशांशी शांतता, व्यापार आणि मैत्री ठेवा पण कुणाच्या गुंतागुंतीच्या युतीत अडकू नका, हे लोक तीच परंपरा सांगतात. पॉल यांचा तर आर्थिक निर्बंधांनाही विरोध होता, क्यूबाशी व्यापार आणि जाणंयेणं खुलं करा म्हणून ते वर्षानुवर्षं बोलले. ज्याला जगाशी व्यापार हवाय त्याला एकांतवादी कसं म्हणणार? सरळ 'हस्तक्षेपविरोधी' लिहा, शब्द रुळलेला आहे आणि अर्थ लगेच पोचतो.

प्रश्न:
मग 'युद्धविरोधी' का नको? सोपा आहे की.

प्रतिसाद:
सोपा आहे पण सैल आहे. युद्धविरोधी म्हटलं की कुठल्याही युद्धाला नाही म्हणणारा माणूस डोळ्यासमोर येतो, मोंटानाच्या खासदार जॅनेट रँकिनसारखा. त्या १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धालाही नाही म्हणाल्या आणि पर्ल हार्बरनंतर १९४१ मध्ये ३८८ विरुद्ध १ अशा मतदानात तो एक त्या होत्या (त्या रिपब्लिकन होत्या पण कॉन्झर्व्हेटिव्ह नव्हेत, हेही मराठीत हमखास गल्लत होणारं प्रकरण). पॉल तसे नाहीत. ते स्वतः हवाई दलात डॉक्टर होते, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर बळाचा वापर करू देणाऱ्या ठरावाला त्यांनी मत दिलं होतं. देशावर हल्ला झाला तर लढायचं, पण दुसऱ्याचं सरकार बदलायला सैन्य धाडायचं नाही, अशी ती भूमिका.

आता खरी अडचण 'पुराणमतवादी' या शब्दाची. कॉन्झर्व्हेटिव्हला सरसकट तो लावला की वाचकाला सोवळंओवळं आठवतं, आणि मग वाटतं की युद्धाला विरोध ही यांच्या विचारातली काहीतरी विसंगती आहे. विसंगती अजिबात नाही, विरोध निघतोच मुळी त्या विचारातून! सरकार लहान हवं, खर्च कमी हवा, कर्ज काढू नये, राज्यघटना अक्षरशः पाळावी, हे ज्याला मनापासून पटतं त्याला हजारो मैलांवरचं न संपणारं युद्ध कसं पटेल, युद्धाइतकं सरकारला फुगवणारं दुसरं आहेच काय. ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट हेच मांडत होते, १९४९ मध्ये नाटो कराराच्या विरोधात मत दिलेल्या १३ सिनेटरांपैकी ते एक, आणि कोरियात राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेच्या संसदेला) न विचारता सैन्य उतरवलं तेव्हा हा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. १९५२ मध्ये आयझेनहॉवरसमोर त्यांची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हुकली आणि पक्ष दुसऱ्या वाटेने गेला. मी तर 'कॉन्झर्व्हेटिव्ह' असंच देवनागरीत लिहितो, फार तर 'परंपरानिष्ठ'.

प्रश्न:
काँग्रेसला न विचारता म्हणालात, पण इराकच्या वेळी तर मतदान झालं होतं ना? बातम्यांत 'काँग्रेसची युद्धाला मंजुरी' असंच होतं.

प्रतिसाद:
हो, आणि त्या 'मंजुरी' शब्दातच सगळी मेख आहे. घटनेच्या पहिल्या कलमातल्या आठव्या उपकलमाप्रमाणे युद्ध घोषित करायचा अधिकार काँग्रेसचा. अशी रीतसर घोषणा शेवटची झाली १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, इराक, एकाचीही घोषणा नाही. काही वेळा ठराव केले, त्यात काँग्रेस म्हणते की राष्ट्राध्यक्षांना योग्य वाटलं तर त्यांनी बळ वापरावं. म्हणजे निर्णय घ्यायचा नाही, कोरा चेक सही करून द्यायचा. म्हणून मराठीत 'युद्धघोषणा' आणि 'बळवापराचा ठराव' हे वेगळे शब्द ठेवायलाच पाहिजेत.

पॉल यांनी २००२ मध्ये समितीत मुद्दाम रीतसर युद्धघोषणेची दुरुस्ती मांडली, वर सांगितलं की मी स्वतः तिच्या विरोधात मत देणार आहे, पण तुम्हाला युद्ध हवंय ना, मग घटनेप्रमाणे उघड हात वर करून घोषित करा. कुणी तयार झालं नाही. पुढे १० ऑक्टोबरला खालच्या सभागृहात बळवापराचा ठराव २९६ विरुद्ध १३३ ने पास झाला आणि अख्ख्या रिपब्लिकन पक्षातून फक्त सहा जण विरोधात गेले. त्यात पॉल, टेनेसीचे जॉन डंकन, इंडियानाचे जॉन होस्टेटलर हे पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह. त्या दिवसांत स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध असं मत द्यायला काय लागलं असेल याचा विचार करा, आणि पुढे जवळपास साडेचार हजार अमेरिकन सैनिक गेले, इराकी माणसं तर कितीतरी पटीने जास्त.

प्रश्न:
शब्द कळले. पण या लोकांना 'पाठिंबा' द्यायचा म्हणजे त्यांचं बाकीचंही मान्य करायचं का? आरोग्यविमा, कर, इमिग्रेशन यावर आपल्यातल्या पुष्कळांचं त्यांच्याशी अजिबात जमत नाही.

प्रतिसाद:
'पाठिंबा' आणि 'समर्थन' यात मी फरक करतो. समर्थन म्हणजे त्याची सगळी भूमिका आपण मांडणं, पाठिंबा मुद्द्यापुरताही देता येतो, जसा आपल्याकडे बाहेरून पाठिंबा असतो. आणि इथे तो द्यावा असं मला कळकळीने वाटतं, मी इथला, अमेरिकेतला मतदार म्हणून बोलतोय.

नॉर्थ कॅरोलिनाचे वॉल्टर जोन्स बघा. मतदारसंघात कॅम्प लेज्यून हा मरीन सैनिकांचा मोठा तळ. हे गृहस्थ २००३ मध्ये युद्धाच्या बाजूने इतके की फ्रान्सने विरोध केला म्हणून संसदेच्या कँटीनमधल्या फ्रेंच फ्राइजचं नाव बदलून 'फ्रीडम फ्राइज' करण्यात ते पुढे. मग एका मरीन सैनिकाच्या अंत्यविधीला गेले आणि आतून हलले. २००५ पासून सैन्य परत आणा म्हणायला लागले, मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना हजारो पत्रं पाठवली, २०१९ मध्ये वारेपर्यंत. पक्षाने त्यांना बाजूला टाकलं, प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत) त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभे राहिले, तरी त्या सैनिकी भागातल्या मतदारांनीच त्यांना परत परत निवडून दिलं. त्याला मी पाठिंबा म्हणतो. अशा माणसाला पक्षातले लोक पाडायला बघतात ते प्रायमरीत, आणि आपले लोक प्रायमरीला फिरकतच नाहीत.

आणि एकट्या पक्षाने काही होतही नाही. येमेनच्या युद्धातून अंग काढा असा ठराव रिपब्लिकन माइक ली आणि बर्नी सँडर्स यांनी मिळून रेटला, दोन्ही सभागृहांत पास झाला, २०१९ मध्ये ट्रम्पनी व्हेटो केला. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणशी युद्धात उतरू नये म्हणून केंटकीचे मॅसी आणि कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट रो खन्ना एकत्र आले. खन्नांचा मतदारसंघ सिलिकॉन व्हॅलीतला, तिथे मराठी घरं काही कमी नाहीत, त्यांनी दोघांनाही दोन ओळी लिहायला काय हरकत आहे?

प्रश्न:
शेवटचं एक. लेखात 'चिकनहॉक' आलंय, स्वतः कधी लढला नाही पण युद्धाच्या गोष्टी करणारा. 'युद्धखोर' चालेल?

प्रतिसाद:
युद्धखोरात 'स्वतः गेला नाही' हे येत नाही. आपल्याकडे 'शिवाजी जन्मावा पण शेजारच्या घरात' म्हणतात ते अगदी जवळचं, पण वाक्यात बसवायला लांब पडेल. मी 'घरबसला युद्धखोर' असं करीन. आणि एकाच लेखात 'निओकॉन' (परदेशात बळ वापरून सरकारं बदलायच्या बाजूचे कॉन्झर्व्हेटिव्ह) पण असेल तर तो तसाच राहू द्या, 'नवपुराणमतवादी' लिहिलंत तर वाचक पॉल आणि त्यांचे कट्टर विरोधक यांना एकाच माळेत ओवेल.