मदत हवी आहे: नवी गाडी, 38 हजार सूट आणि साडेपाच टक्क्यांचं लोन. घेऊ का?

मुलुंडचा_मी
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. गुढीपाडव्याला गाडी दारात हवी आहे, दहा दिवस उरलेत. शोरूमवाला 38,000 सोडतोय आणि लोन साडेपाच टक्क्यांनी करून देतो म्हणतोय. माझी बँक (पगार तिथेच जमा होतो) 9 टक्के सांगते. त्याची अट एकच, लोन आणि इन्शुरन्स दोन्ही त्याच्याकडूनच. शनिवारपर्यंत हो म्हटलं नाही तर ऑफर गेली. साडेपाच घ्यावं ना? की अजून ताणता येईल? कृपया मुद्द्याचंच सांगा.

गिअरबॉक्स
कुठली गाडी? पेट्रोल की सीएनजी? ऑन-रोड किती? लोन किती, किती वर्षांचं? गाडी कुठल्या वर्षी बनलेली? 38 हजार सहा लाखांच्या गाडीवर की सोळा लाखांच्या, हे कळल्याशिवाय काय सांगणार, कपाळ?

मुलुंडचा_मी
कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं की धागा 'ती कशाला, ही घ्या' वर वाहून जातो. चार मीटरच्या आतली, 1.2 पेट्रोल, ऑटोमॅटिक. सूट धरून ऑन-रोड 12,41,740. लोन 8 लाख, पाच वर्षं.

वांद्रे_ते_विरार
मुंबईत गाडी घेऊन लावणार कुठे? आता मेट्रो 3 आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे. 12 लाखांत आयुष्यभर फिराल.

ढोकळा_नको
अहो, तो मुलुंडचा आहे. मेट्रो 3 गाठायला आधी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो 1 ने मरोळ नाका, मग भुयारात. तोवर माणूस गाडीने ठाण्याला जाऊन वडापाव खाऊन परत येईल.

दादरचे_काका
माझं ऐका. लोनच्या भानगडीत पडू नका. एफडी मोडा आणि रोख द्या. रोख दिसली की शोरूमवाला पायाशी येतो. मी माझ्या तिन्ही गाड्या अशाच घेतल्या, शेवटची 2009 साली.

सीए_पण_साधा
काका, तुमचा काळ वेगळा होता. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2017 पासून बंदी आहे, तेव्हा रोख म्हणजे आता चेक नाहीतर आरटीजीएस. आणि सगळे पैसे एकदम देणाऱ्याला आज उलट कमी सूट मिळते, कारण लोन लावून दिलं की डीलरला बँकेकडून कमिशन मिळतं.

धागाकर्ते, एकच सांगा. 8 लाखांवर पाच वर्षांचा ईएमआय किती सांगितलाय?

मुलुंडचा_मी
17,000. राउंड फिगर. सेल्समनने ब्रोशरच्या मागे पेन्सिलने लिहून दिलंय.

सीए_पण_साधा
वाटलंच होतं. 8 लाख × 5.5 टक्के × 5 वर्षं = 2,20,000 व्याज. मूळ रक्कम धरून 10,20,000. भागिले 60 = 17,000. म्हणजे हा फ्लॅट रेट. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार, पण व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण 8 लाखांवर लागणार. रिड्यूसिंगमध्ये, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज लावलं तर, हाच हप्ता 10 टक्क्यांना पडतो. तुमच्या बँकेचा 9 टक्के रिड्यूसिंगचा हप्ता येईल साधारण 16,607. महिन्याला 393 चा फरक, 60 हप्त्यांत 23,580.

थोडक्यात, तुमचं 'महाग' लोन स्वस्त आहे. शोरूमवाल्या बँकेकडून केएफएस मागा, म्हणजे लोनच्या अटींचा तो एक-दोन पानी कागद. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक रिटेल लोनला तो देणं बंधनकारक आहे. प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर त्यात छापलेला असतो. पेन्सिलवर जाऊ नका.

मुलुंडचा_मी
बापरे. मी बायकोला आठवडाभर साडेपाच साडेपाच करून ऐकवलंय.

पावसाळी_छत्री
यात एवढं काय? डीलरचं लोन घ्यायचं, 38 हजार खिशात घालायचे, सहा महिन्यांनी आपल्या बँकेतून पैसे उचलून लोन फोडून टाकायचं. मी असंच केलं.

सीए_पण_साधा
तुम्ही फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं, घेतलं असेल. फिक्स्ड रेटच्या कारलोनला मुदतीआधी फेडलं तर बहुतेक ठिकाणी दंड असतो. 5 टक्के असला तरी सहा महिन्यांनी बाकी राहिलेल्या सव्वासात-साडेसात लाखांवर 37 हजारांच्या घरात जातो. करार वाचा आधी.

पावसाळी_छत्री
माझ्या करारात 3 टक्के होता आणि तरी परवडलं. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

सीए_पण_साधा
मग धागाकर्त्यांनी त्यांचा करार बघावा, तुमचा नाही. एवढंच म्हणतोय.

गिअरबॉक्स
भांडण व्यनित (खासगी निरोपात) करा. मुलुंडकर, 12,41,740 ची फोड टाका.

मुलुंडचा_मी
घ्या. एक्स-शोरूम 10,24,000. आरटीओ 1,34,500. इन्शुरन्स 58,900. टीसीएस 10,240. हँडलिंग 9,500. ॲक्सेसरीज किट 24,000. एक्स्टेंडेड वॉरंटी 18,000. फास्टॅग 600. वजा 38,000.

माजी_सेल्सवाला
पाच वर्षं शोरूममध्ये काढली आहेत, म्हणून लिहितो. त्या पोराला शिव्या देऊ नका, गाडीत डीलरला फार सुटत नाही. सुटतं ते लोनच्या कमिशनवर, इन्शुरन्सवर आणि त्या किटवर. मडफ्लॅप, सीट कव्हर, मॅट, एक परफ्यूमची बाटली. हेच बाहेर निम्म्यात होतं.

हँडलिंग म्हणजे यार्डातून शोरूमपर्यंत गाडी आणायचे पैसे. ते तुम्ही का द्यायचे? नाही म्हणा, लगेच काढतो. फक्त म्हणावं लागतं. दहातले आठ जण म्हणतच नाहीत.

आरटीओ मोजून बघा. खासगी पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांत 12 टक्के, म्हणजे 1,22,880. त्यावर 2 टक्के सेस 2,458. नोंदणी 600, लोनचा बोजा चढवायचे 1,500, स्मार्ट कार्ड 200. बेरीज 1,27,600 च्या आसपास. वरचे सात हजार कसले, ते विचारा. 'एजंट' हे उत्तर चालवून घेऊ नका.

मुलुंडचा_मी
आणि टीसीएस? तो पण काढायला सांगू?

सीए_पण_साधा
तो आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स, डीलरच्या खिशात जात नाही. 10 लाखांवरच्या गाडीला 1 टक्का तुमच्याकडून घेऊन त्याला सरकारकडे भरावा लागतो. तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्नमध्ये वळता करून घ्या. पण एक गंमत. 38 हजारांची सूट बिलावरच दाखवली तर बिल 9,86,000 चं होतं आणि टीसीएसचा प्रश्नच उरत नाही. मग लावलाय कसा? याचा अर्थ सूट बिलाबाहेर कुठेतरी फिरवतायत. विचारा.

गिअरबॉक्स
इन्शुरन्स बाहेरून विचारला का? आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तीच, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) तोच ठेवून.

मुलुंडचा_मी
आत्ता ऑनलाइन पाहिला. तीच आयडीव्ही, झिरो डेप आणि रिटर्न टू इन्व्हॉइससकट (गाडी चोरीला गेली तर बिलाची रक्कम परत) 41,300. पण शोरूमवाला म्हणतो बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही.

गिअरबॉक्स
थाप आहे. त्यांचं वर्कशॉप त्या इन्शुरन्स कंपनीच्या कॅशलेस यादीत असेल तर मिळतो, पॉलिसी कोणी विकली याचा संबंध नाही. सेल्सला नाही, शेजारच्या सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन विचारा. तिथला माणूस बेसावध असतो, खरं बोलतो. नवीन गाडीला तीन वर्षांचं थर्ड पार्टी सक्तीचं आहे आणि त्याचा दर सगळीकडे एकच, 1000 ते 1500 सीसीला 10,640 अधिक जीएसटी. तुमचा 17,600 चा फरक उरलेल्या भागातला आहे.

आता हिशोब करा. सूट 38,000. लोनमध्ये परत गेले 23,580, इन्शुरन्समध्ये 17,600. तुम्हीच त्याला 3,180 देताय.

ढोकळा_नको
'लोन आणि इन्शुरन्स आमच्याकडूनच' या अटीचा अर्थ आता लागला.

ठाणे_वेस्ट_ताई
काळा रंग घेऊ नका हं. आमची काळी आहे. मे महिन्यात दार उघडलं की भट्टी, आणि पावसाळ्यात प्रत्येक थेंब दिसतो.

दादरचे_काका
पांढरी घ्या. विकताना बरी पडते.

मुलुंडचा_मी
रंग ठरलाय. ग्रे.

गिअरबॉक्स
माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. गाडी कुठल्या वर्षीची?

मुलुंडचा_मी
नवीन आहे हो, शोरूमचीच. यंदाचीच असणार ना?

गिअरबॉक्स
असणार म्हणजे? पैसे भरण्याआधी व्हीआयएन मागा, 17 अक्षरी चेसिस नंबर. दहावं अक्षर बघा. S असेल तर 2025, T असेल तर 2026. आरसीवर बनल्याचा महिना आणि वर्ष छापून येतं, विकताना समोरचा आधी तेच वाचतो.

माजी_सेल्सवाला
बरोबर. मार्चमध्ये मागच्या वर्षीचा स्टॉक असला की मॅनेजरला झोप नसते. जुना माल आणि वर्षअखेरीचं टार्गेट, दोन्ही डोक्यावर. S निघाली तर 38 हजार ही सूट नव्हे, सुरुवात आहे. आणि शनिवारचं मनावर घेऊ नका. ऑफर शनिवारी संपते आणि सोमवारी परत फोन येतो.

वांद्रे_ते_विरार
पार्किंगचं काय ते अजून कोणी बोललं नाही. जागेचा दाखला असल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी नाही, असं परिवहन मंत्री 2025 मध्ये म्हणाले होते.

मुलुंडचा_मी
सोसायटीत स्टिल्टची जागा आहे, अलॉटमेंट लेटर आहे. सुखी?

(दोन दिवसांनी)

मुलुंडचा_मी
अपडेट. रविवारी गेलो. सगळी आकडेमोड कागदावर लिहून नेली होती. आधी व्हीआयएन मागितला. सेल्समन म्हणाला, 'सर, बुकिंग झाल्यावर मिळतो.' मी म्हटलं, मग बुकिंगही व्हीआयएननंतर. दहा मिनिटांनी मोबाइलवर फोटो दाखवला. दहावं अक्षर S.

मग 'मॅनेजरला विचारून येतो' करत काचेच्या केबिनमध्ये तीन फेऱ्या. दुसऱ्या फेरीला तो आत चहाच पीत होता, मला बाहेरून दिसत होतं. शेवटी मॅनेजर स्वतः आला. S वाली गाडी हवी तर 71,000, सूट बिलावर, लोन माझ्या बँकेचं, इन्शुरन्स बाहेरचा. T वाली हवी तर सूट 15,000 आणि गाडी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. हँडलिंग आणि किट दोन्हीतून काढलं. आरटीओ 1,27,700 लिहून दिलं, सात हजार कसले हे मात्र कोणी सांगितलं नाही.

बायको म्हणते पाडवाच. तिच्या मते दहावं अक्षर वाचायला शेजारी येणार नाहीत. काय करू?

गिअरबॉक्स
किती वर्षं वापरणार?

मुलुंडचा_मी
आधीची बारा वर्षं वापरली.

गिअरबॉक्स
मग S घ्या. बारा वर्षांनी एका वर्षाने काही फरक पडत नाही. तीन वर्षांत विकणार असता तर T म्हटलं असतं. पण यार्डात जाऊन गाडी स्वतः बघा. महिनोन्महिने उन्हात उभी असेल तर टायर आणि बॅटरी तपासा, बॅटरी बदलून मागा. बँकेची डिलिव्हरी ऑर्डर (लोनचे पैसे देतो असं डीलरला पत्र) गाडी बघितल्यावरच पाठवा.

पावसाळी_छत्री
मी अजूनही म्हणतो, डीलरचं लोन घेतलं असतं तर 71 चे 80 झाले असते.

सीए_पण_साधा
आणि व्याजात 23 गेले असते. गणित पुन्हा मांडू का?

मुलुंडचा_मी
नको, पाठ झालंय. उद्या सकाळी यार्डात जातोय, बॅटरीचं लिहून घेतो. ठाणे_वेस्ट_ताई, S मध्ये ग्रे शिल्लक नाही. काळीच आहे.