होल्स्टची शाकॉन विलंबित का करताय?

ट्युबावाला
काल इथे कुणीतरी लिहिलं की होल्स्टच्या 'फर्स्ट सूट इन ई-फ्लॅट' या बँडसाठीच्या तीन भागांच्या रचनेतला पहिला भाग, म्हणजे शाकॉन (एकच धून पुन्हा पुन्हा फिरवत रचलेली), ६६च्या लयीत (मिनिटाला ६६ ठोके) घ्यावी, कारण ई-फ्लॅट मेजर ही पट्टीच उदात्त आणि वीरश्रीची, आणि "घाई केली की भाव मरतो". दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो. जमलं नाही.

पानावर 'अलेग्रो मोडेराटो' छापलंय, म्हणजे बेताची जलद लय. त्यात विलंबित कुठे दिसलं? मूळ धून आठ बारांची (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट), तीन-चारमध्ये, दर बारात तीन ठोके, म्हणजे एकूण २४ ठोके. ९६ला ती १५ सेकंदांत होते, ६६ला जवळजवळ २२. सुरुवातीला ती वाजवतो कोण? ट्युबा आणि युफोनियम ही खर्जातली फुंकायची वाद्यं, तेही 'पियानो', म्हणजे हळू. एवढ्या हळू आवाजात एवढी लांब ओळ ओढताना ती मध्येच तुटते, आणि शाकॉनमध्ये तीच ओळ शेवटपर्यंत फिरत राहते. पहिल्यांदाच तुटलेली ऐकली तर पुढे ऐकणाऱ्याने काय ओळखायचं? गेल्या वर्षी आमच्याकडे असंच केलं. तिसऱ्या बारात माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

दंडधारी
ती पोस्ट माझी. श्वास ही वादकाची अडचण आहे, रचनेची नाही. दोघांनी आळीपाळीने घ्या. बीथोवनची तिसरी सिंफनी ई-फ्लॅटमध्येच आहे, तिला कुणी हलकीफुलकी म्हणत नाही. आणि शेवटी 'माएस्टोसो' येतं, म्हणजे भव्यपणे वाजवा. आधीच पळालात तर तिथे भव्यता आणणार कुठून?

तिसरी क्लॅरिनेट
आधी हे सांगा, ई-फ्लॅट कुणाच्या पानावर? ऐकू येते ती पट्टी एकच, पण वाद्यागणिक ती वेगळी लिहिलेली असते. माझ्या पानावर एफ मेजर, आल्टो सॅक्सच्या पानावर सी मेजर, हॉर्नच्या पानावर बी-फ्लॅट. वीरश्री यातल्या कुठल्या पानात आहे? बँडची बहुतेक वाद्यंच बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅटची (पानावरचा 'सी' वाजवला की तो सूर लागतो), म्हणून बँडचं संगीत फ्लॅटच्या पट्ट्यांत लिहितात. सोय आहे ती. शोस्ताकोविचचं 'फेस्टिव्ह ओव्हर्चर' ऑर्केस्ट्राला ए मेजरमध्ये आहे, हन्सबर्गरचं बँडसाठीचं रूपांतर ए-फ्लॅटमध्ये. अर्ध्या सुरानं उतरलं म्हणून उत्सव संपला का?

जुना श्रोता
पट्टी आणि भावाची सांगड पहिल्यापासून ज्याची त्याची. पट्ट्यांचे भाव सांगणारं शुबार्टचं (शुबर्टचं नव्हे) पुस्तक १८०६ साली छापलं गेलं, त्यात ई-फ्लॅट मेजर प्रेमाची आणि भक्तीची. वीरश्री नाही. आणि याच सूटमधला दुसरा भाग, इंटरमेझो, सी मायनरमध्ये आहे, पण किती चपळ आहे! मायनर म्हणजे दुःख हेसुद्धा तिथे चालत नाही.

शिवाय तुमची 'काळी दोन', म्हणजे ई-फ्लॅट, तेव्हाची काळी दोन नव्हे. सूट १९०९चा. तेव्हाचे ब्रिटिश लष्करी बँड उंच पट्टीत वाजवत, 'ए' हा सूर ४५२ हर्ट्झच्या आसपास. आजच्या ४४०पेक्षा जवळजवळ पाव सूर वर.

तिसरी क्लॅरिनेट
पट्टीचा विषय निघालाच आहे तर बोलतेच. गार खोलीत आल्याआल्या सूर मिळवायचा, अर्ध्या तासाने वाद्यं तापून वर जाणार, आणि मग ओरडा कुणाला? तिसऱ्या रांगेला! सहा वर्षं ऐकतेय, "क्लॅरिनेट वर आहेत". ट्युबा तापायला सगळ्यांत जास्त वेळ घेतो, त्याला कुणी काही बोलत नाही.

ट्युबावाला
ट्युबाला कुणी बोलत नाही? मला पहिल्या बारापासून "हळू, हळू" ऐकावं लागतं. थंड वाद्य, हळू आवाज, खालचे सूर, त्यात ६६ची लय. बसून बघा एकदा.

तिसरी क्लॅरिनेट
मी तुमच्याच बाजूने लिहिलं होतं. माझ्यावर कशाला?

दंडधारी
धागा सुराच्या भांडणावर गेला. दोघांनी मिळून मला झोडलंत, पण एकाचंही उत्तर आलं नाही. पट्टीला रंग नसतो म्हणता, तर क्लॅरिनेटचा मधला बी-फ्लॅट, वाद्याच्या वरच्या भागातून निघणारा, 'गळ्यातला' म्हणतात तो सूर, बोथट का लागतो? पट्टी बदलली की बोटं बदलतात, बोटं बदलली की रंग बदलतो. हे मला एका क्लॅरिनेटवादकानेच शिकवलंय.

तिसरी क्लॅरिनेट
तो सूर बोथट आहे, मान्य. रोज त्याच्याशी झगडते. पण तो वाद्याचा रंग झाला. ई-फ्लॅट म्हणून वीरश्री, हे त्यातून निघत नाही. आणि मधल्या सोळाव्या सुरांच्या (एका ठोक्यात चार) धावा ६६ला वाजवून दाखवा. सराव चालू असल्यासारख्या वाटतात.

जुना श्रोता
माएस्टोसोबद्दल दंडधारींचं बरोबर आहे. तिथे रुंदावायला जागा लागते. पण आधी चाल असली तरच रुंदावलेलं कळतं. मध्यावर धून उलटी होऊन (चढती तिथे उतरती) सावली पडते, तीही चालत्या लयीतच जाणवते. सगळंच जड असेल तर उजेडातून अंधारात गेलो हे कळणार कसं?

दंडधारी
ठीक. पट्टीचा मुद्दा मागे घेतो, बीथोवनचा दाखला इथे लागू नव्हता. पण ९६ मला मान्य नाही, मार्चसारखं वाटतं, आणि मार्च तिसऱ्या भागात आहेच. ८४ला करून बघेन.

ट्युबावाला
८४ला १७ सेकंद होतात. चौथ्या बारानंतर युफोनियमच्या आड श्वास लपवता येईल. तरी पुढच्या तालमीत मी ९२ मागणार.