मदत हवी आहे: १००० यार्डांसाठी पहिली बोल्ट रायफल (डेन्व्हर, बजेट २,८०० डॉलर)

नेमका_नेम

नमस्कार मंडळी. डेन्व्हरजवळ राहतो, ग्रीनकार्ड आहे. क्लबच्या .२२ रायफलवर हात बसलाय, आता स्वतःची लांब पल्ल्याची बोल्ट रायफल (दर फैरीला बोल्ट हाताने मागेपुढे करायची) घ्यायची आहे. शिकार करायची नाही; कागद आणि स्टीलच्या पाट्या एवढंच. नेहमीची रेंज ६०० यार्डांपर्यंत आहे. अधूनमधून न्यू मेक्सिकोत रॅटनच्या व्हिटिंग्टन सेंटरला जाऊन १००० यार्ड करायचा विचार आहे.

बजेट सगळं धरून २,८०० डॉलर, पहिली काडतुसंही त्यातच. घरी काडतुसं भरणार नाही, तयारच घेणार. ६.५ क्रीडमोर काडतुसाची घेऊ की .३०८ ची? टिक्का टी३एक्स सीटीआर आणि बर्गारा बी१४ एचएमआर या दोघींत अडकलोय. स्कोपला किती पैसे ठेवू? दुकानदार म्हणतो स्कोपखाली '२० एमओए'ची (एमओए हे कोनाचं माप) तिरकी पट्टी लागेलच, ते खरं आहे का? उंची ५ फूट ५ इंच, उजव्या हाताचा. घरात ७ वर्षांचा मुलगा आहे, तेव्हा ठेवायचं कसं तेही सांगा.

वारा_मोजणारा

आधी पैशांची वाटणी. रायफल ११००, स्कोप ८५० च्या आसपास, स्कोप धरणाऱ्या रिंग आणि पट्टी १५०, बायपॉड (पुढचे दोन पाय) १२०, मागची पिशवी ५० आणि टॉर्क पाना ६०. उरलेल्या साडेचारशेत मॅच दर्जाची जेमतेम अडीचशे काडतुसं येतील, आणि त्यातूनही करांचे पैसे जातील. कोलोरॅडोत एप्रिल २०२५ पासून बंदुका आणि काडतुसांवर विक्रेत्याला ६.५ टक्के वेगळा राज्य कर आहे आणि तो या ना त्या रूपात बिलात येतोच. म्हणून रायफलवर दोनशे डॉलर जास्त घालून काडतुसं शंभरावर आणू नका. पहिल्या वर्षात निशाणा चुकतो तो वारा वाचता न आल्यामुळे, बॅरलमुळे नाही.

तुमच्या कामाला ६.५ क्रीडमोर. हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये हे काडतूस काढलं तेच कागदावरच्या लांब नेमबाजीसाठी. हॉर्नडीचीच १४० ग्रेन वजनाची ईएलडी मॅच गोळी धरा. समुद्रसपाटीला, १० मैल वेगाच्या काटकोनातल्या वाऱ्यात ती १००० यार्डांवर साधारण २ मिल (हेही कोनाचं माप) वाहते. .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी त्याच वाऱ्यात पावणेतीन मिलच्या आसपास जाते. १००० यार्डांवर १ मिल म्हणजे ३६ इंच. वाऱ्याचा अंदाज ३ मैलांनी चुकला तर पहिली २२ इंच सरकते, दुसरी जवळपास ३० इंच. २४ इंची पाटीच्या मध्यावर नेम धरला तरी दोन्ही पाटीबाहेरच, पण चूक दीड मैलाची असेल तर क्रीडमोर थोडक्यात का होईना पाटीच्या कडेला वाजते आणि .३०८ साफ चुकते.

दोन्ही रायफली चांगल्या आहेत. बर्गाराच्या एचएमआरला गालपट्टी वरखाली होते आणि दस्त्याची लांबी स्पेसर (मधले जाड तुकडे) काढून कमी करता येते. तुमच्या उंचीला हा मुद्दा मोठा आहे. तिचा आराखडा रेमिंग्टन ७०० या रायफलीचा, म्हणजे पुढे स्टॉक किंवा ट्रिगर बदलायचा तर बाजारात पर्यायच पर्याय; मॅगझिनही एआयसीएस या प्रचलित पद्धतीचं. टिक्काचा बोल्ट जास्त गुळगुळीत चालतो आणि ट्रिगर पेटीतून काढल्यावरच छान असतो, पण मॅगझिन तिचं स्वतःचं आणि महाग. टिक्का घेतलीत तर २० इंची बॅरल नको, २४ इंची बघा.

जुनं_३०८

वाऱ्याचं गणित मान्य. पण दुसरी बाजू कुणी सांगत नाही. क्रीडमोरचं बॅरल २००० ते ३००० फैरींत थकायला लागतं, .३०८ चं ५००० च्या पुढे सहज जातं. नवशिक्याने वर्षाला १२०० फैरी झाडल्या तर दोन-अडीच वर्षांत नवीन बॅरलचा खर्च दारात उभा. शिवाय .३०८ वारा माफ करत नाही, म्हणून शिकवते जास्त.

.३०८ घेतलीत तर जुनी १६८ ग्रेनची मॅचकिंग गोळी १००० यार्डांसाठी घेऊ नका. ध्वनीच्या वेगाजवळ उतरताना ती डळमळते. १७५ ग्रेनची घ्या. रॅटनच्या विरळ हवेत ती १००० पर्यंत ध्वनीपेक्षा वेगातच राहते.

वारा_मोजणारा

बॅरलचा मुद्दा खरा आहे. पण २५०० मॅच काडतुसांचे साडेचार हजार डॉलर होतात, त्यापुढे बॅरलची किंमत हा छोटा हिस्सा. आणि वारा शिकायचाच असेल तर स्वतःची .२२ बोल्ट घेऊन २०० यार्डांवर बसा, धडा तोच आणि फैर कितीतरी स्वस्त.

पाना_आणि_स्क्रू

स्कोपबद्दल लिहितो, कारण यात सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिल्या भिंगप्रतलातला, म्हणजे फर्स्ट फोकल प्लेनचा स्कोप घ्या. त्यात झूम कितीही असला तरी रेटिकलवरचा (आतल्या रेघांवरचा) १ मिल हा १ मिलच राहतो. टरेट (नेम वरखाली करायची चकती) आणि रेटिकल दोन्ही मिलमध्ये हवेत. एक मिल आणि एक एमओए असला घोळ अजून विकला जातो, तो घेऊ नका. ५-२५ झूम पुरे. प्रत्यक्षात उन्हाच्या लाटा उठल्या की १५ च्या वर कुणी फारसं जात नाही. टरेटला झीरो स्टॉप (शून्यावर थांबवणारा अडसर) हवाच, नाहीतर एक पूर्ण फेरी चुकून फिरलेली असते आणि गोळी कुठे गेली ते कळत नाही. या किमतीत व्हॉर्टेक्स वायपर पीएसटी जेन २ आणि अ‍ॅथलॉन एरीस बीटीआर बघा. पैसे फारच कमी पडले तर आर्केन. वजनाने जड आहे, पण टरेट प्रामाणिक.

२० एमओए म्हणजे ५.८ मिल. पट्टी स्कोपला तेवढी पुढे झुकवते, म्हणून वर जायला तेवढा प्रवास जास्त मिळतो. समजा स्कोपचा एकूण उभा प्रवास २० मिल आहे. सपाट पट्टीवर झीरो केल्यावर (१०० यार्डांवर नेम जुळवल्यावर) वर जायला साधारण १० मिल उरतात. रॅटनला क्रीडमोरला १००० यार्डांसाठी ८ च्या आसपास लागतील. म्हणजे 'लागेलच' हे खरं नाही. पण पट्टी किंवा ॲक्शन (बोल्ट बसतो तो भाग) किंचित वाकडी निघाली तर ते १० चे ८ होतात, आणि प्रवासाच्या टोकाला स्कोपचं चित्रही खराब होतं. किमतीत फरक नगण्य, म्हणून २० ची घ्या. रायफलीवर पट्टी आधीच असेल तर ती किती एमओएची आहे ते बघून मगच पैसे खर्च करा.

बसवताना क्रम असा ठेवा. पट्टीचे स्क्रू आणि भोकं तेल काढून कोरडी करा. स्क्रूला निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) थेंबभर. ओला स्क्रू कमी जोरात जास्त आवळला जातो, म्हणून कंपनीने दिलेला आकडा कोरड्यासाठी असेल तर थोडं खालीच थांबा. पट्टी आवळली की लगेच बोल्ट मागेपुढे करून पाहा. जड चालला किंवा खरवडल्यासारखं वाटलं तर पुढचा स्क्रू लांब आहे आणि बोल्टच्या लगला (पुढच्या दाताला) अडतोय. जबरदस्ती करू नका, स्क्रू आखूड करा.

रिंगचा खालचा भाग पट्टीवर ठेवताना पुढे ढकलून मग आवळा, म्हणजे धक्क्याने सरकायला जागाच राहत नाही. मग स्कोप ठेवून वरच्या टोप्या सैल लावा. आता झूम सगळ्यात वर न्या, पालथे पडा, डोळे मिटून गाल ठेवा आणि उघडा. काळी कड दिसली तर स्कोप पुढेमागे करा. दुकानाच्या काउंटरवर उभ्याने हे जुळवून उपयोग नाही, पालथं पडल्यावर मान पुढे जाते. गाल दाबल्याशिवाय पूर्ण चित्र दिसत नसेल तर गालपट्टी वर घ्या, आणि ट्रिगरपर्यंत बोट ताणावं लागत असेल तर स्पेसर काढा.

रेटिकल सरळ करायला २५ यार्डांवर ओळंबा टांगा. रायफल लेव्हलमध्ये ठेवून उभी रेघ त्या दोरीला जुळवा. ८ मिल डायल केलेली असताना रायफल १ अंश कलली तर १००० यार्डांवर गोळी ५ इंच बाजूला पडते, आणि माणूस वाऱ्याला शिव्या घालतो. स्कोपवर बुडबुड्याची लेव्हल लावाच.

टोप्यांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, आलटून पालटून, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवून. यांना थ्रेडलॉकर नको. 'अजून थोडं' करून पिळले की नळी दबते. पॅरलॅक्सची (अंतरानुसार चित्र जुळवायची) चकती अडखळायला लागली तर कारण बहुतेक हेच. ॲक्शनचे स्क्रू कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळा आणि पहिल्या पन्नास फैरींनंतर पुन्हा तपासा. ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) अचानक फाटायला लागला तर काडतूस बदलण्याआधी हे बघायचं.

शेवटी टरेटची परीक्षा. टेपने मोजून १०० यार्ड. उंच पुठ्ठ्यावर ओळंब्याने रेघ मारा, खाली ५ फैरी, १० मिल चढवा, त्याच बिंदूवर नेम धरून आणखी ५. दोन ग्रुपच्या मध्यांत ३६ इंच अंतर यायला हवं. ३५ आलं तर तुमचा १ मिल खरा ०.९७ आहे; तो गुणक गोळीचा मार्ग काढणाऱ्या ॲपमध्ये घाला किंवा स्कोप परत करा.

बायपॉड हॅरिसचा बीआरएम-एस, ६ ते ९ इंची, खाचांच्या पायांचा आणि कलणारा. मागच्या पिशवीला शंभर डॉलर घालायची गरज नाही. जाड मोज्यात प्लास्टिकचे दाणे भरून तोंड शिवलं तरी भागतं. तांदूळ नको, ओल धरतो.

कागदपत्रं_आधी

ग्रीनकार्डवर खरेदीला संघराज्याचा कायदा आड येत नाही. खरेदीचा फॉर्म ४४७३ भरताना यूएससीआयएसचा (इमिग्रेशन खात्याचा) क्रमांक लागतो, तेव्हा कार्ड आणि चालू पत्त्याचं ओळखपत्र दोन्ही न्या. कोलोरॅडोत वय २१ पूर्ण हवं, आणि ऑक्टोबर २०२३ पासून किमान तीन दिवस थांबावं लागतं. म्हणजे शनिवारी रेंजवर जायचं म्हणून शुक्रवारी खरेदी, असं जमणार नाही.

हा धागा एच-१बी वाले वाचतील म्हणून सांगतो: तात्पुरत्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस बाळगायला मुळात बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. इथे चूक फक्त दंडावर भागत नाही, व्हिसावर येते.

मुलाबद्दल: रायफल कुलूपबंद पोलादी कपाटात, बोल्ट काढून दुसरीकडे, काडतुसं तिसऱ्या कुलपात. मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवणं हे कोलोरॅडोत कायद्यानेही बंधनकारक आहे. किल्ली ड्रॉवरमध्ये नको, आकड्यांचं कुलूप घ्या. या कपाटाचे पैसे तुमच्या बजेटमध्ये दिसत नाहीत, ते आधी बाजूला काढा. गाडीत नेताना चेंबर रिकामं, रायफल पेटीत.

आणि भारतात जाण्याआधी: रेंजला नेलेली बॅग विमानाला वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई किंवा पुणे विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल व्हायला पुरतं. 'चुकून राहिलं' हे नंतर कोर्टात सांगत बसावं लागतं.

पुणेरी_छर्रा

थोडं अवांतर. इथे पुण्यात हे करायचं तर?

कागदपत्रं_आधी

या प्रकारे, या कॅलिबरमध्ये नाही. तो नाद सोडा. भारतात वाट रायफल क्लबमधून जाते: आधी १० मीटर एअर रायफल, मग ५० मीटर .२२. पण कमी समजू नका. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. श्वास, ट्रिगर आणि गालाची जागा तिथेही हीच.

नेमका_नेम

सगळ्यांचे आभार. बर्गारा, ६.५ क्रीडमोर, वायपर पीएसटी असं ठरवतोय. कपाट पुढच्या पगारात आणि रायफल त्यानंतर. शेवटचा प्रश्न: क्रोनोग्राफला (गोळीचा वेग मोजायच्या यंत्राला) पैसे उरत नाहीत. ॲपमध्ये वेग काय टाकू? काडतुसांच्या डब्यावर सेकंदाला २७१० फूट लिहिलंय.

वारा_मोजणारा

तो आकडा २४ इंची चाचणी बॅरलचा आहे. बॅरल आखूड असेल तर इंचामागे २०-२५ फूट कमी धरा. २२ इंचीला सुरुवात २६६० पासून करा. रेंजवर कुणाकडे गार्मिनचा छोटा रडार क्रोनोग्राफ असतोच, दहा फैरींपुरता मागून घ्या.

तोही नाही मिळाला तर १०० यार्डांवर दहा फैरींचा ग्रुप काढून त्याच्या मध्यावर झीरो करा. तीन फैरींचा सुंदर ग्रुप झीरोसाठी फसवा असतो. मग ६०० वर जा, वारा कमी असेल अशा सकाळी. ॲप ३.८ मिल म्हणतंय आणि गोळ्या मध्यावर पडायला ४.० लागताहेत, तर वेग सुमारे ५० फुटांनी उतरवा. बीसीला (गोळी हवा किती सहज कापते त्या आकड्याला) हात लावू नका.

फक्त वेग बदलण्याआधी हवेचा दाब तपासा. फोनवरचं हवामान डेन्व्हरला ३० इंच (पाऱ्याचा) दाब दाखवतं; तो समुद्रसपाटीला नेऊन दुरुस्त केलेला आकडा असतो. तुमच्या डोक्यावर प्रत्यक्षात २४.६ च्या आसपास असतो, आणि ॲपला तोच हवा. ३० टाकलेत तर ॲपला वाटतं तुम्ही समुद्रकिनारी आहात, आणि १००० यार्डांवर ते जवळपास १ मिल जास्त सांगतं. गोळी पाटीवरून यार्डभर उंच जाते, आणि वर जाणारी गोळी मागच्या मातीत कुठे लागली ते सहसा दिसतही नाही. ॲपमध्ये 'स्टेशन प्रेशर' असा पर्याय असतो तो निवडा. दाब मोजायचं साधन नसेल तर समुद्रसपाटीचा दाब आणि रेंजची उंची असे दोन्ही भरायचा पर्याय घ्या. डेन्व्हरला ५२८०, रॅटनच्या रेंजला साडेसहा हजार फुटांच्या आसपास.